साहित्य घेण्याआधी तुमची वाट दाखवा

आमच्या मोखाडा तालुक्यात पाडा आणि डांबरी सडक यांच्यात एखादा ओहळ, एखादी चढण असतेच. एका शिबिरात मला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. हार घातले, फोटो निघाले. घर कुठे, वाट कशी, हे मात्र कुणी विचारलं नाही. सडकेवर ती छान चालते, पाड्याच्या चढणीला ढकलायला माणसं लागतात. आता पडवीत तिच्यावर कोंबड्या बसतात. केंद्राच्या एडिप योजनेतून साहित्य घेतलं, की त्याच कामाचं दुसरं मिळायला सहसा तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या दिव्यांग भावाबहिणींनो, नाव पुकारलं तरी आधी आपली वाट सांगा आणि मगच सही करा.

मला खरं हिंडवते ती कुबडी. ती उभं राहून, मापानेच घ्यावी. काख आणि कुबडीची वरची गादी यांत दोन-तीन बोटं जागा हवी, मूठ मनगटापाशी, कोपर जरासं वाकलेलं. भार तळहातावर पडला पाहिजे. काखेवर रेलत राहिलं तर शीर दबते, हाताला मुंग्या येतात, पुढे मनगटही उचलत नाही. खालची रबरी टोपी आमच्या दगडधोंड्यांत लवकर झिजते आणि झिजलेली टोपी ओल्या कातळावर हमखास घसरते. पावसाळ्याआधी नवी जोडी आणून ठेवा.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज मोफत असतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असला की एसटीत सवलत, संजय गांधी निराधार योजना अशी दारं उघडतात.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून भांडीकुंडी वाटली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही ग्रामसभेत संडासात धरायला दांडा आणि पायरीच्या जागी उतार मागितला. फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते, हेही सांगितलं. दांडा बसल्यापासून रात्री मी आईला उठवत नाही.

तुम्हीही तुमच्या घराला काय हवं ते लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.