सांडपाण्याचा दंड आणि त्यास उत्तर

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी आहे. कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या संस्थेने ती १९७८ च्या सुमारास वसविण्यास आरंभ केला. तेथून थोडे दक्षिणेस गेले की आनेकल तालुक्यातील चंदापूर तलाव लागतो. हा तलाव सांडपाण्याने नासू दिल्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष राज्यावरच ५०० कोटी रुपयांची भरपाई बसविली. मग तशी पाळी एखाद्या कारखान्यावर आली, तर त्याने काय करावयाचे?

सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी १९७४ च्या जलप्रदूषणविषयक अधिनियमान्वये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. त्यात पाण्याच्या शुद्धतेच्या मर्यादा दिलेल्या असतात. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजंतू जेवढा प्राणवायू खर्च करतात, तेवढी त्या पाण्याची प्राणवायूची मागणी. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. ही परीक्षा २७ अंश उष्णतामानात तीन दिवस चालते. तेव्हा नाल्याच्या तोंडाशी नुसते नाक दाबून काही सिद्ध होत नाही.

मंडळाचा अधिकारी नमुना घेण्यास आला म्हणजे चालकाने तेथून दूर राहण्यात शहाणपण नाही. विधिवत नमुन्याचे त्याच्यासमक्ष दोन भाग होतात. दोन्हींवर मोहोर व उभयतांच्या सह्या होतात. चालकाने मागणी केल्यास दुसरा भाग कायद्याने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. ही मागणी वेळीच केली नाही, तर पुढे एकाच अहवालावर सारे अवलंबून राहते.

भरपाईसाठी केंद्रीय मंडळाने २०१९ मध्ये एक सूत्र दिले. प्रदूषणाचा अंक, दिवसांची संख्या, रुपयांचा अंक, कारखान्याचा आकार व स्थळ या पाचांचा गुणाकार करावयाचा. लाल वर्गातील मध्यम कारखाना घेऊ. प्रदूषणाचा अंक ८०, रुपयांचा २५०, आकाराचा १. बंगळूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत ८४ लाखांवर होती, म्हणून स्थळाचा अंक १.५. रोजचे ३०,००० रुपये झाले. तीस दिवसांचे नऊ लाख. मंडळांना अशी भरपाई मागता येते, पण त्यासाठी आधी रीतसर नियम हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले.

या पाच अंकांपैकी चालकाच्या हाती खरा एकच आहे, तो दिवसांचा. नोटिशीला उत्तर लिहिताना वकिलाच्या मसुद्याबरोबर शुद्धीकरण यंत्रणेतील बिघाड कोणता, तो केव्हा दुरुस्त झाला आणि नंतरच्या पाण्याच्या परीक्षा काय सांगतात, हे जोडावे लागते. शिवाय दिवसांची मोजणी दुरुस्तीच्या दिवशी थांबत नाही. मंडळाने पडताळणी केली त्या दिवशी थांबते. यंत्र दुरुस्त करून पडताळणीचा लेखी अर्ज टाकावयास जो आठ दिवस लावतो, त्याच्या हिशेबात आणखी २,४०,००० रुपये चढलेले असतात.