पिल्लू सोबत न्यावं की दुसरं घर शोधावं?

प्रश्न : अडीच महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू नुकतंच घरी आणलंय आणि मिस्टरांची म्युनिकला बदली झाली. दोन महिन्यांत निघायचंय. मुलगी ऐकायला तयार नाही. पिल्लू कुणाला देऊन टाकावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन महिन्यांत ते तुमच्याबरोबर येऊच शकणार नाही, हे मुलीला आजच सांगा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार आधी मायक्रोचिप, १२ आठवडे पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी. भारतातून नेताना रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबावं लागतं. म्हणजे सात महिन्यांचं होईपर्यंत मुक्काम इथेच. शिवाय मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांत कुत्रा गेला नाही, तर व्यापारी आयातीचे कडक नियम लागू होतात. त्यामुळे त्याला न्यायला तुमच्यापैकी कुणाला तरी परत यावं लागेल.

खरा प्रश्न मधल्या महिन्यांचा आहे. आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार असेल, तर दात येणारं लॅब चपला, सोफ्याचे कोपरे काही सोडत नाही आणि सहाव्या महिन्यात पट्ट्याला असा हिसका देतं की धडधाकट माणूसही तोल सावरतो. गुडघेदुखी असलेल्यांवर हे लादू नका, ही माझी कळकळीची विनंती. सांभाळणारं कुणी तरुण, हौशी असेल तर मात्र जरूर न्या.

तसं कुणी नसेल, तर निघायच्या आठवड्याची वाट न पाहता आत्ताच घर शोधा. या वयात पिल्लू चटकन रुळतं. ते घर स्वतः जाऊन पाहा. देताना लसींचं कार्ड आणि नेहमीचं खाणं सोबत द्या, मुलीलाही बरोबर न्या.