चार पोपट, एक बोळके

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रानातला हिरवा, लाल चोचीचा रावा. त्याला धरणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जत्रेत कोणी विकायला आणला, तरी घेऊ नका.

या पाठातले पोपट निराळे. दुकानात ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, ते हे चिमुकले पक्षी. त्यांचे खरे नाव बजरीगर. ते मूळचे ऑस्ट्रेलियातले. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने ते इंग्लंडात नेले आणि पुढे ते जगभर घरोघर गेले. आपल्या मुलखात ते थव्याने राहतात. म्हणून एकटा ठेवला तर कंटाळतो. चार ठेवले तर भांडतात, हेही खरे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नातवाच्या हट्टापायी आम्ही दोन नर व दोन माद्या आणल्या. पिंजरा एक, दाण्याची वाटी एक, आणि अंडी घालायला टांगलेले बोळकेही एकच. आठ दिवस गोडीत गेले. मग एका सकाळी नातू ओरडत आला, "आजोबा, रक्त!" निळ्या मादीने पिवळ्या मादीच्या पायाचे बोट चावून तोडले होते. स्वच्छ फडक्याने दाबून धरले, तेव्हा रक्त थांबले. लगेच जनावरांच्या दवाखान्यात नेले. पाखरू वाचले, बोट मात्र गेले.

निळी भांडखोर आहे असे ठरवून आम्ही तिला कोणाला तरी देऊन टाकायला निघालो. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दोन सुना आणि चूल एक! भांडण होईल नाही तर काय?" चाळीस वर्षे शाळेत पोरांची भांडणे सोडवली, पण हे काही आम्हाला सुचले नव्हते.

या पक्ष्यांत मोठे भांडण बहुधा माद्यांचे असते, आणि ते घरट्यावरून होते. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती एक जाडसर पट्टी असते. मोठ्या नराची ती साधारणपणे निळी, मादीची तपकिरी. माद्या मोजा. जोड्या दोन असतील तर बोळकी तीन टांगा, आणि सगळी एकाच उंचीवर. एक वर, एक खाली असे केले की वरच्यासाठी मारामारी ठरलेली. बिनजोडीची मादी पिंजऱ्यात ठेवू नका. ती दुसरीच्या बोळक्यात शिरते, अंडी फोडते. पिल्ले नकोच असतील तर बोळके मुळीच टांगू नका. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

दांड्यांचेही तसेच. उंच दांडी एकच असली की तिच्यावर हक्क सांगतात. राळ्या-बाजरीच्या दोन वाट्या पिंजऱ्याच्या दोन टोकांना ठेवा, पाण्याचेही तसेच करा. पिंजरा उंच नको, लांब हवा. पाखरू आडवे उडते.

चोचीत चोच घातली की भांडण समजू नका. नर मादीला भरवतो तेव्हाही तसेच दिसते. थोडी टोचाटोची रोजचीच. पण रक्त दिसले, पिसे उपटलेली दिसली, किंवा एक पाखरू तळाशी अंग फुगवून बसले आणि बाकीचे त्याला वाटीजवळ येऊ देत नाहीत, तर वाट बघू नका. हात घालाल तर तुम्हालाच चावतील. पिंजऱ्यावर चादर टाका. अंधार झाला की सोडतात. मग मारणाऱ्याला काही दिवस दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. परत सोडण्याआधी दांड्या-वाट्यांच्या जागा बदला, म्हणजे जुना हक्क उरत नाही. जखमी पाखराला मात्र वेगळी, उबदार जागा द्या.

नवे पाखरू आणले तर महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवा, नाही तर एकाचा आजार सगळ्यांना. त्यानंतर काही दिवस पिंजऱ्याशेजारी पिंजरा ठेवा, आणि मगच एकत्र करा.

निळी आमच्याकडेच राहिली. बोळकी तीन झाली. पिवळी त्या पायाच्या तीन बोटांनी दांडी धरते. नातू अजून सकाळी आधी सगळ्यांचे पाय बघतो, मग दाणे घालतो.