धरण आणि आज्ञावली : कामाची पद्धत कशी निवडावी?



बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर पाली हे गाव येते. गावाजवळ बिंदुसरा नदीवर मातीचे धरण आहे. धरण बांधताना कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी नदीच्या पाण्याचा अंदाज, मग जागेची पाहणी, नकाशे, पाया, भराव, सांडवा आणि शेवटी पाणी अडवणे. एकदा पाणी अडवल्यावर "पाया जरा पलीकडे घेऊ या" असे म्हणता येत नाही. म्हणून सारा विचार आधीच करावा लागतो.

संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. मोबाइलवरील प्रत्येक ॲप ही एक आज्ञावलीच होय. मग आज्ञावली तयार करण्याचे कामही धरणासारखेच करावे काय?

पुष्कळ वर्षे तसेच केले जाई. गरजा लिहा, आराखडा काढा, आज्ञा लिहा, तपासा आणि वापरात आणा. एका पायरीवरून पाणी दुसऱ्या पायरीवर पडावे तसा हा क्रम, म्हणून याला 'धबधबा पद्धत' म्हणतात. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन तंत्रज्ञाने एका लेखात अशा पायऱ्यांची आकृती दिली. गंमत अशी, की याच लेखात त्याने धोक्याची सूचनाही दिली होती. तपासणी अगदी शेवटी होते. तेव्हा मोठी चूक सापडली तर पुन्हा आराखड्यापर्यंत मागे जावे लागते!

दुसरा मार्ग कोणता? काम लहान तुकड्यांत करायचे. एक तुकडा तयार झाला की तो वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा, त्याच्या अडचणी ऐकायच्या आणि मग पुढचा तुकडा करायचा. २००१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात १७ तंत्रज्ञ एकत्र जमले व त्यांनी या विचाराचा जाहीरनामा लिहिला. या पद्धतीला 'अजाइल', म्हणजे चपळ, असे नाव मिळाले. तिचाच एक प्रकार 'स्क्रम'. त्यात एकेका फेरीला एक महिना किंवा त्याहून कमी वेळ देतात.

आपल्या शिवारातले उदाहरण घेऊ. सातबाऱ्यातील गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. पूर्वी ती तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर 'ई-पीक पाहणी' ॲपवर शेतकरी स्वतः ही नोंद करू लागले. कापसाच्या जागी चुकून सोयाबीन लिहिले गेले तर? नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते. २०२२ साली ॲपची नवी आवृत्ती आली. तीत ४८ तासांच्या आत आपली नोंद स्वतः दुरुस्त करण्याची सोय दिली गेली. उन्हात बांधावर उभे राहून, जेमतेम रेंज असताना माणूस कोठे अडतो, हे कार्यालयात बसून पुरते कळत नाही. ते वापरातूनच कळते.

मग धबधबा पद्धत टाकाऊ ठरली का? मुळीच नाही! गट क्रमांक, खातेदाराचे नाव व क्षेत्र कसे साठवायचे, ते कोणाला बदलता येईल, हे आधीच पक्के हवे. तेथे "करून पाहू, चुकले तर बदलू" म्हटले तर लोकांच्या जमिनीच्या नोंदीच धोक्यात येतील. पडद्यावरील बटणे मात्र चार वेळा बदलली तरी चालते. म्हणजे एकाच प्रकल्पात पाया धरणासारखा आणि वरचे काम चपळ पद्धतीने, असा मेळ घालता येतो.

म्हणून पद्धत निवडताना कामाच्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा :

१. काय हवे आहे, ते आज नक्की माहीत आहे का?
२. नंतर बदल करणे किती महाग पडेल?

गरज नक्की व बदल महाग, तर धबधबा. गरज अंधुक व बदल स्वस्त, तर चपळ पद्धत. गरज अंधुक आणि बदलही महाग असेल, तर आधी लहान नमुना करून पाहावा, मगच मोठ्या कामाला हात घालावा.

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली करायची आहे. तिचे पाच भाग लिहून काढा. प्रत्येक भागाला वरील दोन प्रश्न विचारा. तुमचे उत्तर ग्रंथपालांना दाखवा. ते तुमच्या यादीत नक्कीच एखादी दुरुस्ती सुचवतील. ती दुरुस्ती आज कागदावर एका रेघेत होते. आज्ञावली पूर्ण झाल्यावर तिला किती श्रम पडले असते, याचा विचार करा.