पृथ्वीभोवतीचे प्लाझ्मावरण

‘वातावरण’ हा पाठ शिकवीत असता हवा उंचीबरोबर विरळ होत जाते व पुढे पोकळी लागते, येथे आपण बहुधा थांबतो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, त्या पोकळीत काहीच नाही काय?” ‘काहीच नाही’ हे उत्तर सोपे खरे, परंतु ते चुकीचे आहे, आणि पुढे उपग्रहांचा पाठ येतो तेव्हा ते आडवे येते.

वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटा झाला की मागे धन आयन उरतो. अशा सुट्या विद्युत्भारित कणांच्या समुदायास प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. सूर्याचे जंबुपार किरण उंचावरील विरळ हवेतील अणूंचे असे विघटन करतात. तो भाग म्हणजे आयनांबर. १९०१ साली मार्कोनींचा बिनतारी संदेश इंग्लंडहून अटलांटिकपलीकडे पोहोचला, तेव्हा पृथ्वीचा फुगवटा त्याने ओलांडला कसा, हा प्रश्न उभा राहिला. असा विद्युत्वाहक थर असावा, हे केनेली व हेव्हिसाइड यांनी १९०२ साली स्वतंत्रपणे सुचविले; अ‍ॅपल्टन व बार्नेट यांनी १९२४ साली ते प्रयोगाने दाखविले.

तथापि खरी मौज पुढेच आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूची दूरध्वनीवरील संभाषणे चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना यंत्रात चमत्कारिक शिट्ट्या ऐकू आल्या. शिटी उंच स्वरात निघे व क्षणार्धात खाली उतरे. तिचा पुरा उलगडा १९५३ साली केंब्रिज येथील ओवेन स्टोरी यांनी केला. वीज चमकली की तिच्यातून लहानमोठ्या सर्व कंप्रतांचे रेडिओतरंग एकदमच निघतात. त्यांतील काही पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा धरून अवकाशात चढतात व दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत प्लाझ्मा असल्यामुळे उंच स्वराचे तरंग आधी पोहोचतात, खालच्या स्वराचे मागाहून.

हे मैदानावर दाखविता येते. दहा मुले एका रेषेवर उभी करावीत व घंटेबरोबर पळवावीत. निघतात एकदम, पोहोचतात एकामागून एक. अंतर वाढवावे तशी रांग लांबत जाते. मुलांना हे सांगावे लागत नाही, ती स्वतःच बोलून दाखवितात. मग विचारावे, की शिटी किती लांबली यावरून वाटेविषयी काय कळेल? स्टोरींनी हेच केले. शिटी इतकी लांबण्यास हजारो किलोमीटर उंचीपर्यंत पुष्कळ इलेक्ट्रॉन असलेच पाहिजेत, असे त्यांनी गणिताने काढले. तेही एकही उपग्रह सुटण्यापूर्वी!

१९५९ साली रशियाच्या चांद्रयानांवरील ग्रिंगाउझ यांच्या उपकरणांनी हा प्लाझ्मा प्रत्यक्ष मोजला. १९६३ साली अमेरिकेतील कार्पेंटर यांनी, पुन्हा शिट्ट्यांवरूनच, दाखविले की तो हळूहळू संपत नाही. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे चार त्रिज्यांवर, म्हणजे अदमासे २५ हजार किलोमीटरवर, त्याची घनता एकाएकी कोसळते. ही कड स्थिर नसते. चुंबकीय वादळात ती पृथ्वीकडे सरकते आणि पुढील काही दिवसांत आयनांबरातून वर येणाऱ्या कणांनी आवरण पुन्हा भरून निघते. हा प्लाझ्मा पृथ्वीबरोबर फिरतो, एवढे ध्यानात ठेवावे.

१९५८ साली व्हॅन अ‍ॅलन यांनी शोधलेले प्रारणपट्टे ते हे नव्हेत. पट्ट्यांतील कण थोडे पण अतिवेगवान, तर आवरणातील कण पुष्कळ व मंद. दोन्ही काही भागात एकाच जागी असल्याने घोटाळा होतो. फळ्यावर ती दोन रंगांच्या खडूंनी काढावीत.

शाळेत वा गावात मध्यमलहरींचा रेडिओ असेल तर आणखी एक काम द्यावे. दुपारी कोणती केंद्रे लागतात व रात्री कोणती, याची आठवडाभर वहीत नोंद करावयास सांगावे. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा, तरंग शोषून घेणारा थर विरतो. वरच्या थरावरून परतलेली दूरची केंद्रे मग ऐकू येऊ लागतात. वळवाच्या दिवसांत मध्येच खरखर होईल. ती विजेची असते. तिचीही वेळ मुलांनी टिपून ठेवावी.