पत्त्याचा हिशेब

मुलांनो, 'पत्ता' आणि 'हिशेब' हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूत तुम्ही 'पता' आणि 'हिसाब' म्हणता. या दोघांची गाठ कशी पडते, ते आज पाहू.

पाकिटावर तुम्ही पिनकोड पाहिला असेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती भारतात सुरू झाली. पिनकोडाचे पहिले तीन अंक पत्र कोणत्या भागात न्यायचे ते सांगतात. उरलेले तीन अंक त्या भागातले डाकघर दाखवतात.

संगणकांचेही असेच असते. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकाला पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत या पत्त्यात चार संख्या असतात. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी एक असते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. यातला पुढचा भाग जाळ्याचा, मागचा भाग संगणकाचा.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणा. तिथले सर्व पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. फक्त शेवटची संख्या बदलते. म्हणजे एकूण पत्ते २५६ झाले. सगळे संगणक एकत्र ठेवले, तर एकाने सर्वांना मारलेली हाक प्रत्येकाला ऐकावी लागते. शिवाय गुणपत्रकांचा संगणक आणि मुलांचा संगणक एकाच जाळ्यात येतात. म्हणून जाळ्याचे वाटे करतात. अशा वाट्याला सबनेट म्हणतात.

२५६ ला ४ ने भागा. ६४ आले. आता वाटणी पाहा :

संगणक कक्ष : ० ते ६३
कार्यालय : ६४ ते १२७
वाचनालय : १२८ ते १९१
शिक्षक कक्ष : १९२ ते २५५

प्रत्येक वाट्यातला पहिला पत्ता म्हणजे त्या वाट्याचे नाव. शेवटचा पत्ता सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखतात. म्हणून ६४ पैकी ६२ पत्तेच संगणकांना देता येतात.

आपला वाटा केवढा, हे संगणकाला कसे कळते? त्याला पत्त्याबरोबर मास्क सांगावा लागतो. २५६ मधून ६४ वजा करा. १९२ उरले. म्हणून इथे मास्क २५५.२५५.२५५.१९२ असा लिहितात.

समजा, परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. मुले रांगेत उभी आहेत. संगणक कक्षातल्या छपाईयंत्राचा पत्ता २० ने संपतो. शेजारच्या नव्या संगणकाला कोणीतरी ७० दिला आहे. तारा नीट आहेत, वीज आहे, तरी कागद बाहेर येत नाही! असे का? ७० हा कार्यालयाच्या वाट्यातला पत्ता आहे. त्यामुळे हाताच्या अंतरावरचे यंत्रही त्या संगणकाला परक्या वाट्यातले वाटते. तो त्याला हाकच मारत नाही. ७० च्या जागी मोकळा असलेला ३० द्या. लगेच अर्ज छापून येतील.

कोणता पत्ता कुठला, हे तुम्हीही शोधू शकता. १५० घ्या. त्याला ६४ ने भागा. भागाकार २, बाकी २२. दोन वाटे पूर्ण झाले, म्हणजे १५० तिसऱ्या वाट्यात, वाचनालयात.

चार संख्यांचे सारे पत्ते मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होतात. सुरुवातीला काही संस्थांना एकेकटीला दीड कोटीहून अधिक पत्ते दिले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गटही वाटून संपले. आता याहून लांब पत्तेही वापरात आहेत. मुलांनो, कितीही मोठा साठा असो, तो मोजूनच वाटावा.

शब्दार्थ
वाटा – हिस्सा
छपाईयंत्र – प्रिंटर
राखणे – वेगळे ठेवणे
साठा – जमा केलेली वस्तू

स्वाध्याय
१. ६४ पैकी ६२ पत्तेच संगणकांना का देता येतात?
२. १९२.१६८.१.२०० हा पत्ता कोणत्या वाट्यात येतो? हिशेब करून दाखवा.
३. २५६ पत्त्यांचे ८ सारखे वाटे करा. प्रत्येक वाट्याचा पहिला व शेवटचा पत्ता लिहा.