निर्वात नळ्यांचा लहान गिटार-विवर्धक

सतारीची तार छेडली म्हणजे तिच्या कंपनाला भोपळ्याच्या पोकळीचे साहाय्य मिळते आणि स्वर खोलीभर घुमतो. भरीव लाकडाच्या विद्युत् गिटारला असा भोपळा नसतो. तिची तार छेडली तर वाजविणाऱ्यालाच जेमतेम ऐकू येते. पोकळीचे कार्य येथे एका विद्युत् उपकरणाला करावे लागते. त्यालाच विवर्धक किंवा ॲम्प्लिफायर असे म्हणतात.

फुलर्टन (कॅलिफोर्निया) येथे लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ-दुरुस्तीचे दुकान उघडले आणि पुढे गिटार व विवर्धक बनविण्यास प्रारंभ केला. त्यांचा ‘चॅम्प’ हा लहान विवर्धक १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ तीन नळ्यांवर चालत असे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालीच लागला होता. तरीही या जातीचे विवर्धक आजही बनविले जातात आणि त्यांच्या नळ्याही तयार होतात. घरी विवर्धक जुळवू इच्छिणाऱ्यास याहून सुटसुटीत आदर्श सापडणे कठीण. म्हणून त्याचेच मंडल आपण येथे समजून घेऊ.

तार आणि विद्युत् लहर

गिटारच्या पोलादी तारांखाली एक चुंबक असतो व त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅराडे यांनी १८३१ साली दाखविल्याप्रमाणे वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणून दाबही तितक्याच वेळा मागेपुढे होतो. परंतु हा दाब व्होल्टाच्या काही शतांशांइतकाच असतो. एवढ्याने ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू हलणार नाही.

नळी काय करते?

निर्वात केलेल्या काचेच्या नळीत ऋणाग्र तापविले म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन दाब असलेल्या धनाग्राकडे धाव घेतात. फ्लेमिंग यांनी १९०४ साली अशी दोन अग्रांची नळी बनविली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली दोन अग्रांच्या मध्ये तारेची जाळी घातली. कालव्याच्या दाराची फळी थोडी वरखाली केली की मोठा प्रवाह कमीअधिक होतो. जाळीवरील अल्प दाबही इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर असाच अधिकार चालवितो. विवर्धनाचे सारे रहस्य या जाळीत आहे.

मंडलाची रचना

पहिली नळी ‘१२ एएक्स ७’ ही होय. हिच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र त्रिअग्र नळ्या असतात. धनाग्राशी एक लक्ष ओहमचा रोधक व ऋणाग्राशी दीड हजार ओहमचा रोधक जोडला, तर एक त्रिअग्र योग्य जोडणीत लहर सुमारे ५० ते ६० पट मोठी करते. पन्नास सहस्रांश व्होल्टाचे अशा रीतीने अडीच ते तीन व्होल्ट होतात. शक्तिनळीला मात्र याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून आवाजाच्या बटणातून लहर दुसऱ्या त्रिअग्राकडे जाते आणि तेथून ‘६ व्ही ६’ या शक्तिनळीच्या जाळीवर पोहोचते.

शक्तिनळीच्या ऋणाग्राशी ४७० ओहमचा रोधक असतो. त्याच्या दोन टोकांत १९ व्होल्ट मिळाले, तर १९ भागिले ४७०, म्हणजे सुमारे ०.०४ अँपिअर प्रवाह वाहतो. नळीवर ३०० व्होल्ट असल्यास ३०० गुणिले ०.०४ म्हणजे १२ वॅट झाले. या नळीची मूळची मर्यादा एवढीच आहे. ध्वनीसाठी त्यातून जेमतेम पाच वॅट मिळतात, परंतु घराला तेवढे पुष्कळ होतात.

शक्तिनळीला सुमारे ८,००० ओहमचा भार हवा असतो, तर ध्वनिक्षेपक असतो अवघ्या ८ ओहमचा. या दोहोंचा मेळ रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घालून देते. दोन भारांचे गुणोत्तर १,००० आहे. वेढ्यांचे गुणोत्तर त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ३२ असावे लागते.

तिसरी नळी ‘५ वाय ३’ ही प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करते. त्यातील खळबळ १६, ८ व ८ मायक्रोफॅरडची धारित्रे शांत करतात.

धोका

पुढील मजकूर वाचल्याखेरीज हत्यार हाती घेऊ नये. या सांगाड्यात ३५० व्होल्टांपर्यंतचा एकदिश दाब असतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. वीज बंद केली तरी धारित्रांत तो साठून राहतो. म्हणून पहिल्या धारित्राच्या दोन टोकांत २,२०,००० ओहमचा, दोन वॅटचा रोधक कायमचा डाखून ठेवावा. त्याच्यामुळे सर्व धारित्रे सुमारे अर्ध्या मिनिटात रिकामी होतात. तथापि रोधकावर विसंबून न राहता प्रत्येक वेळी व्होल्टमापकाने दाब शून्य झाल्याची खात्री करून घ्यावी.

पाच व्होल्टांचे वेटोळे पाहून कोणी बेसावध राहू नये. ‘५ वाय ३’ नळीत तापणारी तार हेच ऋणाग्र असल्यामुळे त्या वेटोळ्याची दोन्ही टोके सांगाड्याच्या तुलनेने ३५० व्होल्टांवर असतात.

जुन्या अमेरिकी विवर्धकांना दोनच टोकांचा प्लग असे. आपण तीन टोकांचा प्लग वापरून सांगाडा भूमीशी पक्का जोडावा आणि जिवंत तारेत फ्यूज घालावा. रोहित्र २३० व्होल्ट व ५० आवर्तनांसाठी बनविलेलेच असले पाहिजे. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या रेडिओ-कारागिराच्या किंवा शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावे.

जुळणी आणि चाचणी

नळ्या तापविणाऱ्या ६.३ व्होल्टांच्या तारा एकमेकींना पीळ घालून कोपऱ्यातून न्याव्यात. पहिल्या जाळीकडे जाणारी तार शक्य तितकी आखूड ठेवावी. डाख देताना तार व पट्टी दोन्ही तापल्या पाहिजेत. थंड डाख वरून निस्तेज व खडबडीत दिसतो आणि आतून सुटलेला असतो.

प्रथम साठ वॅटचा तारेचा बल्ब जोडलेल्या सिरीज बोर्डावरून, नळ्या न बसविता वीज द्यावी. बल्ब तेजाने जळत राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. तसे नसेल तर ६.३ व्होल्टांचे वेटोळे तपासावे, मग वीज बंद करून नळ्या बसवाव्यात व ध्वनिक्षेपक जोडावा. ध्वनिक्षेपकाशिवाय विवर्धक कधीही चालवू नये. तसे केल्यास रोहित्रात अतिदाब निर्माण होऊन ते जळू शकते. पुन्हा बल्बाची परीक्षा झाल्यावर बोर्ड काढावा आणि ४७० ओहमच्या रोधकावरील दाब मोजावा. मापन करताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय अनुकरणीय आहे. त्यामुळे प्रवाहाला छातीतून मार्ग सापडत नाही.

चालू करताच विवर्धक किंचाळू लागला तर घाबरू नये. ध्वनिक्षेपकाच्या लहरीचा थोडा अंश २२,००० ओहमच्या रोधकातून दुसऱ्या त्रिअग्राकडे परत नेलेला असतो. तो मूळ लहरीला विरोध करून तिची विकृती कमी करतो. उलट जोडणीत तो विरोधाऐवजी साहाय्य करू लागतो. वीज बंद करून, धारित्रे रिकामी झाल्याची खात्री करून, निर्गम रोहित्राच्या नळीकडील दोन तारांची अदलाबदल केली की किंचाळी थांबते.

आता गिटार जोडून आवाज पुरता वाढवावा. शक्तिनळीची मर्यादा संपली की लहरींचे माथे सपाट होतात, आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील स्वर मिसळतात. रेडिओ-अभियंता ज्याला दोष म्हणतो, तोच भरदारपणा गिटारवादकाला हवासा वाटतो. पेटीतून आणलेला विवर्धकही हे ऐकवील. पण तो स्वर कोणत्या नळीत आणि का बदलला, हे जुळणी करणाऱ्यालाच ठाऊक असते.

प्रश्न

१. ४७० ओहमच्या रोधकावर २३.५ व्होल्ट मिळाले आणि नळीवर ३०० व्होल्ट असतील, तर ‘६ व्ही ६’ नळी मर्यादेत आहे काय?
२. पाच व्होल्टांच्या वेटोळ्याला स्पर्श करणे धोक्याचे का?
३. ध्वनिक्षेपक ४ ओहमचा असल्यास रोहित्राच्या वेढ्यांचे गुणोत्तर किती असावे?